गाडीवर हात बसलेला

नवी गाडी घेतली की ती चर्चच्या आवारात आणून आशीर्वादित करून घ्यावी, ही आपल्या धर्मग्रामांतील जुनी रीत आहे. रविवारची मिस्सा संपते, सॅक्रिस्टीच्या दाराशी पेढ्यांचा डबा येतो, झेंडूची माळ घातलेली गाडी उंबराच्या सावलीत उभी असते, आणि आम्ही पवित्र पाणी शिंपडून प्रार्थना म्हणतो. तीस वर्षांत गाड्या बदललेल्या आम्ही पाहिल्या. पूर्वी गिरगाव-दादरच्या कुटुंबात गाडी आलीच तर ती कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी असे, पुढे मारुती आली, आणि आता बहुधा जी येते ती उंच, रुंद खांद्यांची, टपावर पोलादी दांड्या असलेली. तिला सारे एसयूव्ही म्हणतात. खोताच्या वाडीतल्या गल्लीत शिरताना जिला दोन वेळा मागेपुढे करावे लागते, अशी गाडी माणसे कोणत्या हौसेने घेतात, असे आम्ही एकदा थट्टेने विचारले. उत्तर मिळाले, "फादर, उंच बसलं की सुरक्षित वाटतं."

हे ‘वाटणे’ आज आम्हांला तपासायचे आहे. त्याला एक कारण घडले.

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब कोकणात गेले होते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी गाडीसाठी आशीर्वाद मागितला, तो आम्ही दिला. सात आसनांची गाडी, माणसे आठ. टपावर सामानाचा सांगाडा. "परतताना आंबे आणा," असे आम्हीच हसत म्हणालो होतो. परतताना टपावर आंब्यांच्या नऊ पेट्या होत्या. माणगावच्या अलीकडे एका वळणावर आडरस्त्यातून एक दुचाकी समोर आली. गाडी चालवणाऱ्या थोरल्या मुलाने चाक डावीकडे मारले, दुचाकीस्वार वाचला. डावी चाके डांबराखाली मातीत उतरली, त्याने गाडी उजवीकडे ओढली, आणि गाडी कुशीवर पडून उलटली. सर्वांत मागे बसलेली त्यांची मावशी बाहेर फेकली गेली. इस्पितळात नेईपर्यंत ती देवाघरी गेली होती. चालवणाऱ्याने पट्टा लावला होता. त्याच्या कपाळाला तीन टाके पडले, एवढेच.

अंत्यविधीच्या दिवशी त्या मुलाच्या वडिलांनी आम्हांला बाजूला घेतले आणि विचारले, "फादर, त्याचा गाडीवर हात बसलेला होता. लालबागच्या गणपतीच्या गर्दीतून आरसा न घासता गाडी काढणारा मुलगा हा. मग असं का झालं?" आम्ही म्हणालो, "देवाची इच्छा." हे उत्तर आम्ही त्या वेळी दिले, याची आम्हांला आजही लाज वाटते. ते श्रद्धेचे उत्तर नव्हते, विचार करण्याचे श्रम टाळणाऱ्याचे होते. कबरस्तानाच्या फाटकाशी दुसरी दोन मते ऐकू येत होती. कोणी म्हणे, पोराने चाक इतके मारायलाच नको होते. कोणी म्हणे, दुसरा कोणी असता तर आठही गेले असते, त्याच्या हाताने सात वाचले. दोन्ही मते परस्परांविरुद्ध दिसतात, पण दोहोंच्या मुळाशी समजूत एकच: गाडीत काय घडते ते चालकाच्या हातावर ठरते.

ही समजूत कितपत खरी आहे, ते आधी पाहू. गाडी का उलटते, याचे गणित आपल्या भागातील माणसाला पुस्तकाशिवाय कळते. दहीहंडीचा थर पाहणाऱ्या गिरगावकराला विचारा: खालचा थर किती पसरला आहे आणि वरचा भार किती उंचावर आहे, यावर मनोरा टिकतो. मशीद बंदरच्या हमालालाही विचारा. जड गोणी खाली आणि हलक्या वर, हे तो कधी चुकत नाही. अभियंते हेच एका भागाकाराने मांडतात. डाव्या आणि उजव्या चाकांमधील अंतराची निमपट घ्यायची, आणि गाडीचे वजन ज्या बिंदूत एकवटले असे मानता येते त्या गुरुत्वमध्याच्या जमिनीपासूनच्या उंचीने तिला भागायचे. उत्तर जितके मोठे, गाडी तितकी स्थिर. साध्या मोटारींचे उत्तर साधारणपणे १.३ ते १.५ येते; एसयूव्ही, टेम्पो, व्हॅन यांचे १.० ते १.३. अमेरिकेच्या शासनाने २००१ सालच्या गाड्यांपासून या आकड्याच्या आधारे उलटण्याच्या धोक्याची श्रेणी प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली.

उंची म्हणजेच धोका, असे मात्र समजू नये. बेस्टची जुन्या धाटणीची दुमजली बस १९३७ पासून सप्टेंबर २०२३ पर्यंत या शहरात धावली. वरच्या मजल्यावर पुढच्या खिडकीशी बसून दादरहून फोर्टापर्यंत जाण्याचे सुख ज्याने भोगले आहे त्याला ती कधी भित्री वाटली नाही. तिचे यंत्र, सांगाडा, चाके, सारे जड ते खाली असे. लंडनमध्ये तर अशा बसच्या वरच्या मजल्यावर उतारूंइतके वजन ठेवून, ती २८ अंशांपर्यंत कलवून उलटत नाही ना, हे पाहण्याची रीत जुनी आहे. डोळ्यांना दिसणारी उंची वेगळी आणि वजनाची उंची वेगळी. टपावर नऊ पेट्या चढवल्या की दिसणारी उंची वीतभर वाढते, पण शंभर किलोंहून अधिक वजन थेट सर्वांत वरच्या थरावर जाऊन बसते. टपावर किती भार ठेवावा याचा आकडा गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत छापलेला असतो. ती पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढलेली आम्ही क्वचितच पाहिली आहे. माणसांचेही तसेच. पंधरा आसनी व्हॅनसंबंधी अमेरिकेत पाहणी झाली तेव्हा दिसले की, दहा किंवा अधिक माणसे बसली असता अपघातात ती उलटण्याचे प्रमाण कमी माणसे असतानाच्या जवळजवळ तिप्पट होते. आपल्याकडे सुमोत बारा जण बसून एकवीरेला किंवा माउंट मेरीच्या जत्रेला गेलेल्यांनी हा आकडा वाचून गप्प बसावे.

आणखी एक गोष्ट आम्हांला पूर्वी ठाऊक नव्हती. सपाट, कोरड्या डांबरावर गाडी नुसत्या वळणाने सहसा उलटत नाही. त्याआधी तिची चाके घसरू लागतात. ती उलटते ठेच लागून. आडवी घसरणारी चाके मऊ मातीत रुततात, दुभाजकाच्या कडेला आपटतात, खड्ड्यात अडकतात. खाली चाक थांबते, वर गाडी चालूच राहते. एकट्या गाडीच्या उलटण्याच्या प्रसंगांपैकी सुमारे ९५ टक्के असे ठेच लागून घडतात, असे अमेरिकन शासनाचे सांगणे आहे. माणगावजवळ घडले ते नेमके हेच. डांबर आणि माती यांच्यामध्ये तेथे वीतभर पायरी होती. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ पासून रेंगाळलेले, त्याच्या कडा कशा असतात हे कोकणवासीयांना सांगणे नको.

यात हाताचा भाग किती? ठेच लागल्यावर काहीच नाही. ती लागण्यापूर्वीच्या एक-दोन सेकंदांत थोडा. त्याच्याही आधी, वेग ठरवताना, बराच. ताशी ६० ऐवजी ८० ने तेच वळण घेतले तर गाडीला बाहेर फेकणारा जोर तिसऱ्या हिश्शाने वाढत नाही, पावणेदोन पटींहून अधिक होतो. उंच आसनावर बसणाऱ्याला जमीन दूर दिसते, त्यामुळे वेग असतो त्याहून कमी भासतो. "उंच बसलं की सुरक्षित वाटतं," याचा एक अर्थ हाही आहे.

चालकाच्या कौशल्याबद्दल जगभर जे संशोधन झाले ते वाचून आम्ही तर थक्कच झालो. १९८१ साली ओला स्वेन्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या आणि स्वीडनमधल्या चालकांना, तुम्ही इतरांच्या मानाने किती कुशल आहात, असे विचारले. अमेरिकनांपैकी ९३ टक्क्यांनी आणि स्वीडिशांपैकी ६९ टक्क्यांनी स्वतःला वरच्या अर्ध्यात बसवले. अर्ध्यात अर्ध्याहून अधिक माणसे बसत नाहीत, हे सातवीतल्या मुलालाही कळते. १९९६ साली स्वीडनमध्येच शिकाऊ चालकांच्या दोन गटांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाला निसरड्या जागी गाडी सावरण्याचे कसब शिकवले. दुसऱ्याला, तुमचे कसब ऐन वेळी दगा देऊ शकते, एवढेच दाखवून दिले. आठवड्याने परीक्षा घेतली तर दोन्ही गटांचे प्रत्यक्ष कसब सारखेच निघाले. पहिल्या गटाचा स्वतःविषयीचा विश्वास मात्र वाढला होता.

मग गाड्या करणाऱ्यांनीच ही जबाबदारी घ्यावी, असे कोणी म्हणेल. घ्यावी, यात शंका नाही. १९९७ साली स्वीडनमधल्या एका मोटार-नियतकालिकाने मर्सिडीजची नवी, लहान पण उंच ए-क्लास गाडी रस्त्यात अचानक सांबरासारखे जनावर आले तर कशी वळेल हे पाहण्यासाठी चालवली, आणि ती उलटली. गाडी चालवणारा नवशिका नव्हता, रोज गाड्या तपासणे हाच त्याचा व्यवसाय होता. कंपनीने आधी का-कू केले, नंतर विक्री थांबवली, गाडीत सुधारणा केल्या आणि गाडी घसरू लागताच सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा प्रत्येक ए-क्लासमध्ये बसवली. ही यंत्रणा चालकाने चाक कोठे वळवले आणि गाडी प्रत्यक्षात कोठे वळते आहे हे सतत ताडून पाहते, आणि दोहोंत तफावत पडली की चारांपैकी एकाच चाकाला ब्रेक लावते. चालकाचा हात कितीही बसलेला असो, त्याच्या पायाखाली ब्रेक एकच असतो. एकट्या डाव्या पुढच्या चाकाला ब्रेक लावणे माणसाला शक्यच नाही. ही यंत्रणा सक्तीची करताना अमेरिकन शासनाने २००७ साली अंदाज केला होता की, एसयूव्हीच्या उलटण्याच्या घटना तिने ८४ टक्क्यांनी घटतील. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपचे तारे देणे सुरू झाले आहे. गाडी घेताना रंगाची चौकशी तासभर करणाऱ्यांनी या यंत्रणेची चौकशी पाच मिनिटे करावी.

गाडीवर दोष टाकून माणूस मोकळा होतो, असे मात्र नाही. २००० साली अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोरर गाड्या टायर फुटून उलटू लागल्या, २७० हून अधिक माणसे त्यांत गेली, आणि फायरस्टोनला ६५ लाख टायर परत घ्यावे लागले. टायरवाले म्हणाले, गाडीची बांधणी वाईट. गाडीवाले म्हणाले, टायर वाईट. प्रत्येकाच्या बोलण्यात काही सत्य होते आणि प्रत्येकजण त्या सत्याचा उपयोग स्वतःला लपवण्यासाठी करीत होता. एदेन बागेत आदामने हव्वेकडे आणि हव्वेने सापाकडे बोट दाखवले, त्याहून हे वेगळे नाही.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला, तेव्हाची चर्चा वाचकांना आठवत असेल. ती गाडीही एसयूव्हीच होती, उत्तम बनावटीची. ती उलटली नाही, पुलाच्या कठड्यावर आदळली. पुढे बसलेले दोघे जबर जखमी होऊन वाचले, मागे बसलेले मिस्त्री आणि जहांगीर पंडोल हे दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांच्या तपासात दिसले. पुढचा आठवडाभर आमच्या धर्मग्रामात ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच विषय: गाडी चालवणाऱ्या बाईंचे काय चुकले. पूल तेथे अरुंद होतो, ही गोष्ट थोडे बोलत. मागच्या पट्ट्यांविषयी त्याहून थोडे. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी मागच्या उतारूंनाही पट्टा सक्तीचा केला, तेव्हा लोक पोलिसांवरच चिडले. त्या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली १६,७१५ पट्टा न लावलेली होती.

हे सारे वाचत असताना तो मुलगा एका संध्याकाळी आमच्याकडे आला. (त्या वेळचे बोलणे पापनिवेदनातले नव्हे, असते तर येथे एक अक्षरही लिहिले नसते. आणि जे लिहितो आहोत तेही त्याला विचारून.) बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "फादर, कशेडीचा घाट उतरतानाच मला कळलं होतं. गाडी डोलत होती. दर वळणाला वरचा भार मागाहून येत होता. हाताला समजत होतं."

"मग पेट्या का नाही उतरवल्या?"

"वाटलं, सांभाळून घेईन."

या दोन वाक्यांनी आम्हांला सेमिनरीतला एक धडा आठवला. अॅरिस्टॉटलच्या मागोमाग संत थॉमस अक्वायनस कौशल्य आणि विवेक या दोन गुणांत फरक करतात. दोन्ही बुद्धीचेच गुण, दोन्ही अभ्यासाने येतात. परंतु कौशल्यात जाणूनबुजून चूक करणारा नकळत चूक करणाऱ्याहून सरस ठरतो. मुद्दाम बेसूर वाजवणारा पेटीवादक बेसूर कळत नसणाऱ्याहून चांगलाच वादक असतो. विवेकाचे उलटे आहे. तेथे जाणून केलेली चूक नकळत केलेल्या चुकीहून वाईट. विद्यार्थिदशेत आम्ही हा भेद घोकला होता आणि परीक्षेत त्यावर चांगले गुणही मिळवले होते. तो कशासाठी आहे हे कळायला कशेडीच्या घाटातली डोलणारी गाडी यावी लागली.

त्या मुलाच्या हातात दोष नव्हता. वडिलांचे म्हणणे खरेच होते. हात इतका बसलेला होता की, नवशिक्याला जे घाट संपेपर्यंत कळले नसते ते त्याला पहिल्या वळणावर कळले. कौशल्याने आपले काम चोख केले, निरोप आणून दिला. पण निरोप आणणाऱ्यालाच त्याने निर्णयाच्या खुर्चीवर बसवले. "हात आहे ना, सांभाळून घेऊ." कौशल्य ही अशी शक्ती आहे की तिला वापरून घेण्याची हौस असते. अडचणीत शिरून बाहेर पडण्यात तिला आनंद वाटतो. अडचणीत न शिरण्याने तिची काहीच प्रतिष्ठा वाढत नाही. पोलादपूरच्या नाक्यावर गाडी थांबवून तीन पेट्या एसटीच्या पार्सलात टाकणाऱ्या चालकाचे कौतुक कोणीही केले नसते. घरातल्यांनी कटकटच केली असती.

मग तो पापी का? आम्हांला हा प्रश्न टाळायचा नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात, नशेपायी वा वेगाच्या आवडीपायी रस्त्यावर स्वतःचा आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष म्हटला आहे. २००७ साली व्हॅटिकनने वाहनचालकांसाठी दहा आज्ञा प्रसिद्ध केल्या त्यांतली पहिली, खून करू नको, हीच होती. त्याने नशा केली नव्हती. वेगही, सोबतच्यांच्या सांगण्यावरून, बेताचाच होता. त्याचा दोष आम्हांला दिसतो तो कशेडीपासून माणगावपर्यंतच्या तासाभरातला, ज्यात त्याला ठाऊक होते आणि त्याने काही केले नाही. आम्ही त्याला हे सांगितले. मऊ शब्दांत सांगितले, पण सांगितले. तो रडला, आणि मग प्रथमच त्याचा आवाज मोकळा झाला. "सगळे म्हणतात माझी काही चूक नाही, फादर. त्याने झोप येत नाही." निर्दोष ठरवून आपण माणसाला एकटे पाडतो, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. चूक नेमकी किती, हे कळले म्हणजे तिचा पश्चात्तापही करता येतो. अंदाजपंचे चुकीचा करता येत नाही.

नेमके माप घ्यायचे तर ते एकट्याचे घेऊन चालत नाही. नऊ पेट्यांचा आग्रह वडिलांचा होता. सात आसनांत आठवी व्यक्ती बसवण्यात सारे सामील होते. मावशीच्या जागेचा पट्टा होता. नव्या सीटकव्हराखाली त्याची कडी दडली होती, आणि ती उपसून काढणे कोणाला सुचले नाही. रस्त्याची कडा अर्धवट सोडणारा कोणी होता. आणि निघण्यापूर्वी पवित्र पाणी शिंपडत गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारणारा धर्मगुरू होता, ज्याने आठ माणसे मोजली, टपावरचा सांगाडा पाहिला, आणि विनोद केला. माळेला संत ख्रिस्तोफरचे पदक बांधले की आपले काम झाले असे त्याला वाटले. आशीर्वाद म्हणजे गणिताला दिलेली सूट नव्हे, हे आम्ही दुसऱ्यांना किती वेळा सांगितले असेल!

आमचे स्वतःचे वागणे तरी काय होते? त्या अपघातानंतरही सहा महिने आम्ही लालबागच्या पुलावरून परळकडे जाताना मागच्या आसनावर पट्ट्याविना बसत होतो, हातात जपमाळ घेऊन. चालक ओळखीचा होता, त्याचा हात बसलेला होता.

सध्या आमच्या आवारात गाडी आली की आशीर्वादाला दहा मिनिटे अधिक लागतात. आम्ही मागचे दार उघडून कड्या मोजतो. पहिल्या वेळी गाडीचे मालक गोंधळले. त्यांच्या सात वर्षांच्या मुलीने सीटच्या फटीत हात घालून कडी ओढून काढली आणि "ही बघा फादर, सापडली," म्हणून वर धरली. टपावर किती वजन चालते, असेही विचारतो. बहुतेकांना ठाऊक नसते. मग प्लॅस्टिकची पिशवी फाडून पुस्तिका निघते, चष्मे निघतात, आणि माळ घातलेल्या गाडीच्या बॉनेटवर ती पसरून आम्ही चौघे-पाचजण तो आकडा शोधत बसतो. काही जणांना हे आवडत नाही. फादर आता आरटीओ झाले, असेही आमच्या कानावर आले आहे.

तो मुलगा गाडी चालवतो. वर्षभर चालवली नव्हती, मग आईला इस्पितळात न्यायचे होते तेव्हा चालवली. यंदाच्या मे महिन्यात ते सारे पुन्हा गावी गेले, सहाजण, दोन गाड्यांतून. आंब्याच्या पेट्या एसटीने आल्या, दोन दिवस उशिरा, आणि त्यांतल्या एकीतले काही आंबे उतरले होते. उरलेल्यांतले दोन डझन त्याने आमच्याकडे आणून दिले.